दारणेच्या बॅकवॉटरला सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) पलट्या मारतो पण गळाला येत नाही, टाकायचं कुठे आणि रिग (गळाची बांधणी) कोणता?

देवळालीकर_२२

राम राम मंडळी, बरेच दिवस इथले धागे नुसते वाचतोय, आज विचारतोच. मी सुट्टीच्या दिवशी नाशिक जिल्ह्यातल्या दारणा धरणाच्या बॅकवॉटरला घोटीच्या बाजूने बसतो, तिथल्या मच्छीमार संस्थेच्या माणसाला विचारूनच. सामान म्हणाल तर दहा फुटी रॉड, पाच हजार साइजचा रील, वीस पौंडाची ब्रेड (विणलेली दोरी) आणि आमिषाचा गोळा लावायची दुकानात मिळते ती रेडीमेड स्प्रिंग, तिला चार गळ. आमिष कणीक, शेंगदाण्याची पेंड आणि वाटलेली बडीशेप.

प्रॉब्लेम असा की गोळा पाण्यात पडला की लगेच रॉडचं टोक टुकटुक टुकटुक हलायला लागतं, ओढलं की काही नाही, बाहेर काढून बघतो तर स्प्रिंग धुतल्यासारखी स्वच्छ. चिलापीच (तिलापिया) असणार, कारण अधूनमधून तळहाताएवढी एखादी लागते. आणि तिकडे समोर सायप्रिनस धप्पकन पलटी मारतो, चांगला मोठा, डोळ्यांना दिसतो आणि जीव नुसता कासावीस होतो. मी अंगात असेल तेवढा जोर लावून लांब टाकतो. मित्र म्हणतो बारा फुटी कार्प रॉड घे, अजून लांब जाईल. पैसे घालायच्या आधी म्हटलं इथल्या जाणकारांना विचारावं. लांब टाकणं खरंच इतकं गरजेचं आहे का? गळ एक की चार? आणि या चिलापीचं करायचं काय?

गोदाकाठ

रॉड अजिबात घेऊ नकोस, आहे तो बास आहे. मासा लांबच असतो असं काठावर बसणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, पण सायप्रिनस चरायला येतो ती जागा बऱ्याचदा काठापासून पंधरा-वीस मीटरवर असते आणि आपण त्याच्या डोक्यावरून पार पलीकडे टाकून वाट बघत बसतो. एखादी पलटी दिसली म्हणजे तो तिथे खातोय असंही नाही, जाता जाता मारतो तो. पण एकाच जागी परत परत पलट्या, मधे बारीक बुडबुड्यांची रांग आणि तेवढाच पाण्याचा तुकडा चहासारखा गढूळ दिसला की समजायचं खाली तळ उकरणं चालू आहे. त्याला तोंडाशी मिशा असतात, तोंड नळीसारखं पुढे येतं, ते गाळात खुपसून किडे, अळ्या, गोगलगायी शोधतो. म्हणजे शोधायची आहे ती त्याची चरायची जागा, आणि ती पाण्याखाली आहे म्हणून आपल्याला दिसत नाही.

पण दारणेला ती दिसते! वर्षातून एकदा दिसते. धरण १९१६ चं, त्याचं पाणी नांदूर मध्यमेश्वरच्या कालव्यांतून खाली नगरच्या बाजूला जातं, त्यामुळे एप्रिल-मेपर्यंत बॅकवॉटर पार आत सरकतं आणि एरवी पाण्याखाली असलेली जमीन उघडी पडते. तेव्हा रॉड घरी ठेवून नुसतं मोबाईल घेऊन चालायला जायचं. बुडालेल्या भातखाचरांचे बांध, जुन्या ओढ्याची घळ, बाभळीचे खुंट, गाळातून वर आलेला मुरमाचा पट्टा, सगळ्याचे फोटो काढायचे आणि मॅपवर पिन टाकून ठेवायच्या. गाळपेर, म्हणजे उघड्या गाळावरची पेरणी, कुठे होते तेही बघून ठेव. तिथे पिकाचं खोड-काड राहतं, वर गवत माजतं, आणि जुलैत पाणी त्याच्यावर चढलं की त्या गवतात किडामुंगी, गांडूळ सगळं बुडतं आणि मासा अक्षरशः गुडघाभर पाण्यात येतो. त्या दिवसांत साठ मीटर टाकणारा कोरडाच परत जातो.

आत्ता पाणी भरलेलं आहे, तर आत्ताचा उपाय सांगतो. ब्रेडला गळ न लावता नुसतं पन्नास-साठ ग्रॅमचं शिसं बांध. टाकलं की ब्रेड ताणून धर आणि शिसं तळाला टेकेपर्यंत मनात आकडे मोज. मग रॉड आडवा करून हळूहळू ओढ. ब्रेड ताणत नाही त्यामुळे तळ थेट हातात येतो. टकटक टकटक लागलं तर दगड. बारीक सलग खरखर म्हणजे मुरूम. जड होऊन अडकलं आणि मग सुळकन सुटलं तर मऊ गाळ. ओढता ओढता एकदम जड झालं आणि लगेच हलकं झालं तर बांध किंवा कड ओलांडली. डावीकडून उजवीकडे पंख्यासारखं टाकत जायचं, प्रत्येक ठिकाणचे आकडे लक्षात ठेवायचे. पाचपर्यंत मोजता मोजता एकदम आठवर गेलं की तिथे उतार आहे. मुरूम संपून गाळ सुरू होतो ती कड आणि बांधाचा पायथा, या दोन जागा मिळाल्या की दिवसभर तिथेच बसायचं.

जागा सापडली की परत तिथेच पडलं पाहिजे, हे लोक करतच नाहीत. समोरच्या काठावरचं झाड नाहीतर डोंगराची सोंड धरून दिशा ठरव, आणि अंतरासाठी स्पूलवरच्या क्लिपमध्ये ब्रेड अडकव. आमिष पडलं की मात्र क्लिपमधून काढ आणि तिथे रंगीत दोऱ्याची गाठ मार, कारण क्लिपमध्ये तसंच ठेवलं आणि मोठा मासा पळाला तर तुटलंच म्हणून समज.

आणि वारा बघ. सलग दोन-तीन दिवस एकाच दिशेने वाहिला की ज्या काठावर लाटा आपटतात त्या काठाला बस, तोंडावर वारा येतो म्हणून लोक टाळतात तो काठ. वरचं कोमट पाणी आणि त्यातलं खाणं तिकडे ढकललं जातं, लाटांनी काठ उकरला जातो. थंडीत उलट, डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे गार वारा सुटला की आडोशाचा, दुपारभर ऊन खाणारा काठ बरा.

तंगूसवाला

काकांनी जागेचं सांगितलंय ते शंभर टक्के, मी रिगचं आणि चिलापीचं सांगतो.

भावा, तुझं आमिष मऊ आहे हेच चिलापीला हवंय. कणीक ती चाटून-पुसून खाते, तोंड लहान म्हणून गळ आत जातच नाही. कडक आमिष वापर. मका नाहीतर काबुली हरभरे. सायप्रिनसच्या घशात दाढा असतात, तो कडक दाणा आरामात चुरडतो, चिलापी नुसती ढुशा देऊन निघून जाते. मका २४ तास भिजवायचा आणि मग अर्धा तास चांगला उकळायचा, नखाने दाबला तर दबला पाहिजे. कोरडा किंवा अर्धवट भिजलेला दाणा पाण्यात टाकूच नको, तो माशाच्या पोटात फुगतो. उकळलेलं पाणी फेकू नको, थंड झालं की मका त्यातच एक दिवस ठेव, जरा आंबूस वास सुटतो तो सायप्रिनसला आवडतो.

दाणा गळात खुपसायचा नाही, हेअर रिग करायचा. १९८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी हा काढला आणि कार्प फिशिंगच बदलून गेलं. युक्ती साधी आहे. सायप्रिनस दाणा ओढून घेतो, शंका आली तर फुंकून बाहेर टाकतो, त्यात गळही बाहेर जातो आणि आपल्याला वाटतं चावलंच नाही. हेअरमध्ये दाणा गळाच्या मागे दोऱ्यावर लोंबतो, गळ उघडा मोकळा. फुंकताना दाणा आधी बाहेर येतो आणि मागून येणारा गळ फिरून खालच्या ओठात रुततो.

बांधायचं असं. सहा किंवा आठ नंबरचा गळ, सहा-सात इंच मऊ ब्रेड. टोकाला बारीक फास करून त्यावर आधी दोन दाणे ओवून बघ, दाणा आणि गळाच्या वळणामध्ये अर्धा सेंटीमीटर फट राहिली पाहिजे, तेवढं माप धरून ब्रेड गळाच्या डोळ्यातून मागच्या बाजूने घाल, दांडीवर सात-आठ वेढे घे आणि टोक परत डोळ्यातून मागूनच काढ. झाली नॉटलेस नॉट. दाणे ओवायला बेटिंग नीडल नसेल तर आईच्या शिवणाच्या डब्यातली बारीक क्रोशाची सुई चालते. दाण्यांच्या मागे गवताच्या काडीचा तुकडा अडकव म्हणजे निसटत नाहीत.

वजन सत्तर-ऐंशी ग्रॅम. मासा ओठात काहीतरी टोचलं म्हणून दचकून पळतो आणि शिशाच्या वजनाने गळ आत बसतो, तुला झटका मारायची गरजच नाही. पण शिसं कायमचं पक्कं बांधू नको, क्लिपवर असं लाव की अडकलं तर सुटून पडेल. नाहीतर ब्रेड तुटली की मासा ते लोढणं घेऊन फिरत राहतो. आणि शेवटचे सात-आठ मीटर ०.४० मिमीचा साधा तंगूस (नायलॉनची दोरी) जोड, दारणेला दगड आणि खुंट भरपूर आहेत, त्यावर घासली की ब्रेड लगेच कापते. रीलचा ड्रॅग (ब्रेड सुटायचा ताण) मात्र सैल ठेव. इथे ड्रॅग आवळून चहाला गेलेल्यांचे रॉड पाण्यात गेलेले आहेत.

सिन्नरी_कटला

हेअर रिग चांगलाच आहे, पण स्प्रिंगला सरसकट नाव ठेवू नका. मासा कोणता ते आधी बघा. सायप्रिनस आणि मृगळ तळाला खातात. रोहू मधल्या थरात आणि तळाजवळ, त्याचा ओठ झालरीसारखा, तो कुरतडतो. कटला वरच्या थरातला, त्याचं तोंड वर वळलेलं, मिशा नाहीत, तो पाण्यातले बारीक जीव पाण्यासकट गाळून खातो. त्याच्यापुढे तळात मक्याचे दोन दाणे टाकून दिवस काढला तरी तो बघणार नाही. त्याला धूर लागतो, म्हणजे भाजलेल्या डाळ्याचं पीठ, पोह्यांचा भुगा, तांदळाचा कोंडा, थोडी दूध पावडर, असं कोरडसर मळायचं की पाण्यात पडल्यावर सुटून ढग झाला पाहिजे. तो त्या ढगात तोंड उघडून शिरतो आणि पिठाबरोबर गळ आत जातो. म्हणून कटल्याला तरंड्याखाली स्प्रिंग, खोली दीड-दोन मीटरपासून सुरू करून बदलत राहायची. सकाळी वर, ऊन चढलं की खाली.

चार गळांबद्दल मात्र माझंही मत बदललंय. जास्त गळ म्हणजे एक तोंडात आणि बाकीचे डोळ्यात, पोटात, कल्ल्यात. मासा ठेवायचा असो वा सोडायचा असो, हे बघवत नाही. दोन पुरे, तेही बारीक आणि आखूड दोऱ्यावर. आणि थंडी पडली की कटला-रोहू खाणं बरंच कमी करतात, सायप्रिनस तेव्हाही खातो कारण तो मुळात थंड मुलखातला, आपल्या देशात १९३९ मध्ये आणला तोही आधी उटीला. निफाडला पारा खाली गेल्याच्या बातम्या आल्या की मी स्प्रिंग ठेवून देतो आणि मका उकळतो.

देवळालीकर_२२

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगत नाही. अजून दोनच विचारतो. चारा किती टाकायचा? मी आतापर्यंत बादलीभर पेंड कालवून टाकायचो. आणि माझ्या जागेच्या डावीकडे जाळ्यांचे डबे तरंगताना दिसतात, तिकडे टाकलं तर चालेल का, तिथे मासा जास्त असणार असं वाटतं.

घोटीवाला

डब्यांकडे टाकू नको दादा. माझे वडील आणि चुलते त्याच पाण्यात जाळं लावतात, म्हणून सांगतो. ते डबे म्हणजे जाळ्याची ओळ, तुझा गळ त्यात अडकला की ब्रेड तुटते, तू निघून जातोस आणि पहाटे अंधारात जाळं ओढणाऱ्याच्या हातात तो गळ घुसतो. माझ्या चुलत्यांच्या अंगठ्यात असाच घुसला होता, काटा असलेला, दवाखान्यात जाऊन कापून काढावा लागला. जलाशयाचा ठेका संस्थेचा असतो, बोटुकली (माशाची पिल्लं) संस्था विकत आणून सोडते, दोन-तीन वर्षं सांभाळल्यावर त्याचा मोठा मासा होतो. तुम्ही विचारून बसता हे चांगलं करता, आमच्या लोकांना तेवढंच हवं असतं. विचारलं तर तेच सांगतील सध्या जाळ्यात सायप्रिनस कोणत्या अंगाला जास्त येतोय, त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार.

चारा बादलीभर नको. पहिल्यांदा दोन-तीन मुठी उकळलेला मका, रिगच्या आसपास थोड्याशा जागेत, आणि मग मासा लागला तरच अजून एक मूठ. न खाल्लेली पेंड तळाला कुजते, आणि या धरणांचं पाणी खाली माणसं पितात.

पावसाळ्याच्या तोंडाला पोटात गाबोळी असलेली मादी आली तर सोडून द्या, पाण्यातच ठेवून, हात ओले करून, कोरड्या मातीवर न लोळवता. ओलं गोणपाट जवळ ठेवलं की काम होतं. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी न्या, बगळे आणि पाणकावळे त्यात पाय अडकून मरतात, दरवर्षी बघतो आम्ही. आणि बॅकवॉटरचा सुकलेला गाळ वरून टणक दिसतो, आत मांडीपर्यंत जातो, मे महिन्यात फोटो काढायला जाल तेव्हा काठी टेकवत जा आणि एकटे जाऊ नका.

गोदाकाठ

घोटीवाल्या, बरं झालं तू लिहिलंस.

देवळालीकर, वळवाचे ढग त्र्यंबकच्या डोंगरावर दिसले की रॉड खाली ठेवून काठावरून उठायचं, कार्बनचा रॉड हातात धरून विजेत उभं राहायचं नाही. आणि नांदूर मध्यमेश्वरला जायचं डोक्यात असेल तर काढून टाक, ते अभयारण्य आहे, तिथे दुर्बीण घेऊन जा.

येत्या रविवारी गळ न लावता पहिले दोन तास नुसतं शिसं टाक, वहीत काठाचं चित्र काढून आकडे लिही आणि ते पान इथे टाक. घोटीच्या बाजूचा तो काठ मी कोरडा पडलेला पाहिलाय, खाचरांचे बांध कुठे येतात ते तुझ्या चित्रावर खूण करून देतो.