कुवेतची संसद: लोकशाही जास्त झाली म्हणून बंद पडली, की अर्धीच दिली म्हणून?

खाडीपार (धागाकर्ता)

१० मे २०२४ च्या रात्री कुवेतचे अमीर शेख मिशाल अल-अहमद यांनी टीव्हीवरून संसद बरखास्त केली आणि घटनेतली काही कलमं जास्तीत जास्त चार वर्षांसाठी स्थगित केली. निवडणूक ४ एप्रिलला झाली होती. निवडून आलेल्या पन्नास जणांची पहिली बैठकसुद्धा झाली नाही. तेव्हापासून इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांत एकच सूर ऐकतोय: "बरंच झालं. त्या संसदेपायी कुवेत मागे पडलं, दुबई-दोहा बघा कुठे पोचले."

हे निदान मला साफ चुकीचं वाटतं.

आखातात सरकारला खरोखर अडवू शकणारी निवडून आलेली संसद एकट्या कुवेतकडे होती, आणि ती काही बाहेरून आणून बसवलेली नव्हती. १९३८ मध्ये, तेलाचा पैसा सुरू होण्याआधी, व्यापारी घराण्यांनी निवडलेली मजलिस, म्हणजे कायदे करणारी सभा, काही महिने चालली होती. १९६२ ची घटना अमीर अब्दुल्ला अल-सालिम यांच्या काळातली. शिवाय दिवाणिया आहेच. घराला लागून मोठी खोली, भिंतीकडेने गाद्या, संध्याकाळी पुरुषांची बैठक, आणि चहाच्या पेल्यांबरोबर मंत्र्यांच्या नावानिशी तक्रारी. १९८६ मध्ये संसद बंद केली तेव्हा १९८९-९० च्या हिवाळ्यात याच दिवाणियांमधून दर सोमवारी ती परत सुरू करा म्हणून सभा भरल्या.

आता रचना बघा. पंतप्रधान अमीर नेमतात आणि तो कायम सत्ताधारी सबाह घराण्यातलाच. मंत्री बहुतेक न निवडलेले, तरी पदसिद्ध सदस्य म्हणून सभागृहात मत देतात. राजकीय पक्षांना कायद्याने मान्यता नाही. मग निवडून आलेल्या माणसाच्या हातात उरतं काय? इस्तिजवाब, म्हणजे मंत्र्याला सभागृहात उभं करून जाब विचारणं, आणि त्याच्यावर अविश्वास आणणं. सरकार पाडता येतं, बनवता येत नाही. स्वतःचा कार्यक्रम राबवायची सोयच नसेल तर तो पुढची निवडणूक कशावर लढवणार? कुणाला किती झोडपलं आणि लोकांची कर्जं माफ करा म्हणून किती ओरडलो, यावरच. असं पन्नास वर्षं चालवायचं आणि मग म्हणायचं, बघा, यांना फक्त अडवता येतं.

रोकठोक

मांडणी चांगली आहे, पण संसदेने देशाचं काय भलं केलं ते सांगा. २००८ मध्ये डाऊ केमिकलबरोबर ठरलेला भागीदारीचा करार खासदारांच्या आरडाओरड्याला घाबरून सरकारने मोडला. २०१३ मध्ये त्याची भरपाई म्हणून दोन अब्ज डॉलरच्या वर मोजावे लागले. सरकारी कर्जउभारणीच्या कायद्याची मुदत २०१७ ला संपली. तेल पडलं, कोविड आला, तरी नवा कायदा होईना. संसद गेली आणि २०२५ च्या मार्चमध्ये वटहुकमाने झालासुद्धा.

आणि सगळ्यात मोठं: १९९९ मध्ये अमिरांनी बायकांना मताधिकार देणारा हुकूम काढला आणि लोकांनी निवडलेल्या सभागृहाने तो फेटाळला, मग तशाच आशयाचं विधेयकही ३२ विरुद्ध ३० मतांनी पाडलं. इथे पुढारलेला कोण होता, राजा की लोकप्रतिनिधी?

खाडीपार

१९९९ चं खरं आहे आणि लाजिरवाणंही आहे. पण गोष्ट तिथे संपली नाही. बायका कोर्टात गेल्या, संसदेबाहेर उभ्या राहिल्या, दिवाणियांमध्ये जाऊन वाद घातला. १६ मे २००५ ला त्याच संसदेने ३५ विरुद्ध २३ मतांनी हक्क दिला आणि २००९ ला चार बायका निवडून आल्या, राखीव जागा नसताना. सहा वर्षांत समाजाचं मत वळलं, ते उघड भांडण झालं म्हणून. शेजारच्या सौदीत २०१८ ला बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली, आणि ज्यांनी ती वर्षानुवर्षं मागितली त्यांतल्या काही जणी तेव्हा तुरुंगात होत्या. सुधारणा दोन्हीकडे झाली. फरक मला तरी स्पष्ट दिसतो.

रोकठोक

त्या ३५ मध्ये तुम्ही ज्यांना न निवडलेले म्हणता त्या मंत्र्यांची मतं होती. ती वजा करून बहुमत उरतं का, ते बघा.

अटलासकाठ

कुवेतवरच अडकू नका. "हळूहळू सुधारणा" याचं सगळ्यात जास्त कौतुक होतं ते मोरोक्कोबद्दल, तिथे काय झालं ते सांगते.

२० फेब्रुवारी २०११ ला लोक रस्त्यावर आले. ९ मार्चला राजे मोहम्मद सहावे यांनी नव्या घटनेची घोषणा केली, १ जुलैला सार्वमत, सरकारी आकडा ९८ टक्के होकार. घटनेत एक खरी नवी गोष्ट होती: पंतप्रधान सर्वात मोठ्या पक्षातूनच नेमायचा. नोव्हेंबरमध्ये न्याय आणि विकास पक्ष हा इस्लामवादी पक्ष पहिला आला, अब्देलिलाह बेनकिरान पंतप्रधान झाले. २०१६ ला पक्ष पुन्हा पहिला, १२५ जागा. पण राजवाड्याच्या जवळचे पक्ष आघाडीला तयार होईनात. पाच महिने खोळंबा, मग राजांनी बेनकिरानांना बाजूला करून त्याच पक्षाचे सादेद्दीन ओथमानी नेमले. घटनेचं अक्षर पाळलं गेलं.

आणि २०२० चा डिसेंबर. इस्रायलशी संबंध पूर्ववत करायचा निर्णय राजवाड्याचा. कागदावर राजासमोर बसून सही केली ओथमानींनी, ज्यांच्या पक्षाने आयुष्यभर त्याला विरोध केला होता. २०२१ च्या निवडणुकीत पक्ष १२५ वरून १३ वर आला. कुणाला तुरुंगात टाकावं लागलं नाही, पक्षावर बंदी घालावी लागली नाही. उत्तरेतल्या रिफ भागात मात्र आंदोलनाचे पुढारी नासेर झेफझाफींना २० वर्षांची शिक्षा झाली, कारण ते निवडणुकीच्या चौकटीबाहेर बोलत होते.

याला हळूहळू सुधारणा म्हणायचं असेल तर मुक्कामाचं ठिकाण कोणतं, तेही सांगा.

सावकाश

अटलासकाठ, तुमचा एकही तपशील खोडत नाही, निष्कर्ष मात्र मान्य नाही. २००४ च्या कौटुंबिक कायद्याने मुलींचं लग्नाचं वय १८ झालं, नवऱ्याच्या आज्ञेत राहायची कायदेशीर सक्ती गेली. आत्ताच्या राजांचे वडील हसन दुसरे यांच्या काळातल्या छळाच्या कहाण्या लोकांनी टीव्हीवर सांगितल्या, राजघराणं गादीवर असताना. पळवाटा आहेत, न्यायाधीश अजूनही कमी वयाच्या लग्नांना परवानगी देतात, सगळं माहीत आहे. पण ज्या बाईला आज घटस्फोट मागता येतो तिच्या दृष्टीने हा देखावा नाही.

आणि शेजारी बघा. २०११ च्या अरब उठावांत आठही अरब राजेशाह्या टिकल्या. प्रजासत्ताकांचं काय झालं? लिबिया, सीरिया, येमेन. इजिप्तमध्ये दोन वर्षांत लष्कर परत. ट्युनिशिया ही एकच आशा होती, तिथेही २५ जुलै २०२१ ला निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षानेच संसदेला टाळं लावलं. मला कुणाचंही मूल सीरियासारख्या युद्धात सापडायला नको आहे. त्यापेक्षा वीस वर्षं उशीर परवडला.

अटलासकाठ

"टिकल्या" म्हणताना बहरीन वगळू नका. २००१ ला तिथेही सनदेवर सार्वमत, ९८ टक्के होकार, लोक आनंदाने रस्त्यावर. पुढच्याच वर्षी राजांनी एकट्याने घटना काढली आणि निवडून आलेल्या ४० जणांच्या डोक्यावर नेमलेले ४० बसवले. २०११ च्या मार्चमध्ये सौदी फौज बहरीनला जोडणाऱ्या पुलावरून आली आणि मनामाच्या ज्या पर्ल चौकात लोक जमले होते, तिथलं स्मारकच सरकारने जमीनदोस्त केलं. उशीर परवडतो, पण दिलेला शब्द मोडला की पुढच्या वेळी हळूहळू या शब्दावर विश्वास ठेवायला कुणी उरत नाही.

देशस्थ_सातारकर

आपल्याकडे औंधच्या राजांनी १९३९ मध्ये आपण होऊन सत्ता प्रजेला दिली होती. राजा मनाने मोठा असला की होतं.

सावकाश

औंधचा अभिमान मलाही आहे. पण तिथल्या गादीवर इंग्रजांची सत्ता होती आणि तिजोरीत तेल नव्हतं. कुवेतमध्ये सरकार लोकांकडून प्राप्तिकर घेत नाही, उलट नोकरी, घर, शिक्षण देतं. मनाच्या मोठेपणावर हा गुंता सुटणार नाही.

जॉर्डन बघा. तिथे तेल नाही, लोक कर भरतात आणि सुधारणेला निदान पायऱ्या ठरवून दिल्या आहेत: २०२४ च्या निवडणुकीत १३८ पैकी ४१ जागा पक्षांच्या राष्ट्रीय याद्यांना, पुढच्या वेळी निम्म्या, मग ६५ टक्के. पहिल्याच फेरीत विरोधी इस्लामिक ॲक्शन फ्रंटने सर्वांत जास्त, ३१ जागा घेतल्या आणि निकाल मान्य झाला.

अटलासकाठ

आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये त्या पक्षाच्या मूळ संघटनेवर, मुस्लिम ब्रदरहूडवर, बंदी आली. कारण सुरक्षेचं दिलं आहे आणि ते खोटंच असेल असं मी म्हणत नाही. पण दुसरी पायरी येईपर्यंत चढायला कोण शिल्लक राहतं, ते बघायचं.

फहाहील_लाईन

मी कुवेतमध्ये नोकरी करतो. वर एवढं वाचलं, त्यात आम्ही कुठेच नाही. इथे राहणाऱ्यांत नागरिक साधारण तिसरा हिस्सा, बाकी आम्ही, आणि आमच्यात सर्वात जास्त भारतीय.

संसद होती तेव्हा परदेशी लोकांवर कर लावा, त्यांना कमी करा, ही मागणी खासदारच करायचे, कारण मतं त्यावर मिळायची. २०२० मध्ये भारतीयांचं प्रमाण १५ टक्क्यांवर आणायचा मसुदा आला तेव्हा किती घरांत रात्री झोप नव्हती, ते मी पाहिलं आहे. म्हणून संसद गेली तेव्हा माझ्या आजूबाजूचे बरेच जण खूश होते, हे खाडीपार म्हणतात ते खरं.

पण एका महिन्यात, १२ जून २०२४ ला, मंगाफला कामगारांच्या इमारतीत पहाटे आग लागली आणि ४५ भारतीय गेले. झोपेत, धुराने. अधिकारी निलंबित झाले, धाडी पडल्या, बेकायदा खोल्या पाडल्या. जे झालं ते वरून आलेल्या हुकमाने झालं. एवढी माणसं एका इमारतीत कुणाच्या परवानगीने राहत होती, हे मंत्र्याला सर्वांसमोर उभं करून विचारणारं कुणी नव्हतं. आधीच्या खासदारांनी आमच्यासाठी विचारलं असतं का? कदाचित फक्त मंत्र्याला पाडायला विचारलं असतं. तरी उत्तर नोंदीत आलं असतं.

खाडीपार

फहाहील_लाईन, तुम्ही लिहिलंत ते या धाग्यातलं सर्वात महत्त्वाचं आहे. नागरिकांचंही आता तेच झालंय. २०२४ नंतर हजारो लोकांचं कुवेती नागरिकत्व काढून घेतलं, लग्नामुळे नागरिक झालेल्या बायका त्यात मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यावर प्रश्न विचारायला सभागृह नाही.

रोकठोक, संसदेने काय भलं केलं विचारलंत म्हणून दोन गोष्टी. २००६ च्या जानेवारीत अमीर जाबेर वारले, युवराज साद इतके आजारी की शपथ घेणं कठीण. घराण्याला आपसात तोडगा निघेना. तेव्हा संसदेने मतदान करून घटनेप्रमाणे सत्तांतर केलं, गोळी न झाडता. आणि १९९०: सद्दामने कुवेत घेतलं तेव्हा त्याला कठपुतळी सरकारसाठी विरोधकांतला एकही नावाजलेला माणूस मिळाला नाही. ज्यांची संसद चार वर्षांपूर्वी बंद केली होती तेच लोक ऑक्टोबरमध्ये जेद्दाला जाऊन सबाह घराण्याच्या पाठीशी उभे राहिले. अट एकच, १९६२ ची घटना परत लागू करा. १९९२ ला निवडणूक झाली.

माझं म्हणणं एवढंच की पक्षांना मान्यता द्या आणि सरकार बनवायची जबाबदारीही सभागृहावर टाका.

रोकठोक

२००६ चं मान्य, तिथे संसदेने देश सावरला. पक्षांना मान्यता हवी हेही पटतं. पण सरकार सभागृहातून बनवायचं तर टोळ्यांचं, म्हणजे वंशाने बांधलेल्या कबिल्यांचं, काय करणार? १९९८ पासून टोळ्यांच्या आपसातल्या प्राथमिक निवडणुका बेकायदा आहेत, तरी होत राहिल्या. उद्या पक्ष आले तर पहिल्या दिवशी दोन-तीन मोठ्या टोळ्यांचेच पक्ष उभे राहतील आणि शहरातले व्यापारी, शिया, बायका कोपऱ्यात जातील. चार वर्षांची मुदत २०२८ च्या मे महिन्यात संपते. त्याआधी यावर तुमच्याकडे काही असेल तर लिहा, मी वाचतोय.