कर्सेसमध्ये बाणाची कळ आणि मराठी अक्षरे तुटक येतात

प्रश्न (सांगली): मार्केट यार्डातील हळदीच्या अडत दुकानासाठी पायथनच्या कर्सेस लायब्ररीत (टर्मिनलच्या, म्हणजे केवळ मजकुराच्या पडद्यावर मांडणी करणाऱ्या आणि कळा वाचणाऱ्या) सौदे नोंदवण्याचा प्रोग्राम लिहीत आहे. वरचा बाण दाबल्यास २७, ९१, ६५ असे तीन आकडे मिळतात आणि शेतकऱ्याच्या नावातील अक्षरांचेही तुकडे पडतात. यावर उपाय काय?

उत्तर १: टर्मिनल बाण म्हणून वेगळे काही पाठवत नाही, केवळ बाइटची मालिका पाठवते; लायब्ररीतील ‘कीपॅड’ ही सोय चालू केल्यास लायब्ररी ती ओळखून एकच कळ देते. मात्र एकटा एस्केपही २७च असल्याने लायब्ररी पुढच्या बाइटची वाट पाहते, आणि एनकर्सेसमध्ये (कर्सेसच्या प्रचलित आवृत्तीत) ही मुदत मुळात १००० मिलिसेकंद, म्हणजे गल्ल्यावरच्या माणसाला असह्य, आहे. पायथन ३.९पासून सेट_एस्कडिले वापरून ती २५ करता येते.

उत्तर २: मराठीसाठी आधी लोकेल (भाषा व अक्षरसंकेतांची निवड) निश्चित करून, एकेक बाइट देणाऱ्या गेटसीएचऐवजी पूर्ण संकेत देणारे गेट_डब्ल्यूसीएच वापरावे. तरीही ‘क्षी’ हे चार युनिकोड संकेतांचे (क, हलन्त, ष, दीर्घ ई) बनते, त्यामुळे बॅकस्पेसचे काम स्वतंत्रपणे तपासावे लागेल.

प्रश्नकर्ता: बाण व्यवस्थित चालतो. साताऱ्याच्या गोदामातून एसएसएचने (दूरच्या संगणकावर काम करण्याच्या जोडणीने) जोडल्यास २५ पुरतील का?

उत्तर १: जोडणी संथ असल्यास मालिका मध्येच तुटून बाणाचा एस्केप समजला जाईल, तेथे १०० ठेवावेत.