मदत हवी आहे : बाराबोर बंदुकीचा धक्का सोसत नाही, माझे काय चुकते आहे?

ऋतुजा_इंदूर
मी दीड महिन्यापासून ट्रॅप नेमबाजी (हवेत उडणाऱ्या तबकड्या बंदुकीने टिपणे) शिकते आहे. पंचवीस तबकड्यांच्या फेरीतल्या पहिल्या आठदहा बऱ्या जातात, पण त्यानंतर बार होण्याआधीच माझे डोळे मिटतात आणि सगळे वर-खाली होते. काल आरशात पाहिले तर लिंबाएवढा जांभळा डाग पडला आहे. प्रशिक्षक म्हणतात की सवय होईल. पुढच्या रविवारी निवडचाचणी आहे, तेव्हा कृपया लवकर उपाय सांगावा.

महूकर
ताई, डाग नेमका कुठे आहे, तुमची उंची किती, बंदूक स्वतःची की क्लबची, आणि काडतुसाच्या डब्यावर किती ग्रॅम लिहिले आहे? एवढे कळल्याशिवाय काही सांगणे योग्य होणार नाही.

सदाशिव_तुकोगंज
आमच्या आजोबांची दुनाळी होती. ते खांद्यावर टॉवेलची जाड घडी ठेवत आणि त्यांना कधी त्रास झाला नाही. तुम्हीही तसेच करून पाहावे.

सुयोग_ग्वाल्हेर
20 बोर (बाराबोरहून बारीक नळीची बंदूक) घ्या, धक्का आपोआप कमी होईल. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, हे ध्यानात ठेवून अर्ज करावा.

ऋतुजा_इंदूर
सुयोगदादा, मला परवान्याविषयी काही विचारायचे नव्हते. महूकरकाका, माझी उंची पाच फूट एक इंच आहे, बंदूक क्लबची आहे आणि सगळे तीच वापरतात. डाग दंडाच्या वरच्या भागावर आहे. डब्यावर 32 लिहिले आहे.

महूकर
मग कारण बरेचसे उघड आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ट्रॅपच्या एका काडतुसात जास्तीत जास्त 24 ग्रॅम छर्रे चालतात. तुम्ही तिसऱ्या हिश्श्याने जड काडतूस उडवत आहात. वेग तोच धरला तर बंदूक जवळजवळ त्याच प्रमाणात अधिक वेगाने मागे येते, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे ती पावणेदोन पटींच्या आसपास जाते. नवशिक्याला हे काडतूस देणे मला मुळीच पटत नाही.

दुसरे म्हणजे, दंडावर डाग पडतो याचा अर्थ दस्ता (बंदुकीचा खांद्याला टेकवायचा मागचा भाग) खांद्याच्या खळग्यात बसतच नाही. तो तुमच्या उंचीला लांब पडत असावा, म्हणून तुम्ही नकळत तो बाहेरच्या बाजूला टेकवता. सदाशिवरावांचा मान राखून सांगतो, टॉवेलने दस्ता आणखी लांब होईल आणि दुखणे वाढेल.

सदाशिव_तुकोगंज
अनुभवाला काही किंमत आहे की नाही? आजोबांनी त्याच घडीवर वर्षानुवर्षे बंदूक चालवली.

महूकर
आहे, परंतु आजोबा उंच असतील आणि दस्ता त्यांना आखूड पडत असेल, तर घडीने त्यांचे काम साधले असेल. ताईंचे नेमके उलट आहे. 20 बोरचेही तसेच: ती बंदूक वजनाला हलकी असते, म्हणून तेवढ्याच ग्रॅमचे काडतूस घातले तर धक्का कमी होत नाही.

विभा_वडोदरा
ऋतुजा, मलाही हीच सवय लागली होती. डोळे मिटतात ते धक्क्याइतकेच आवाजानेही, म्हणून कानात बोळे घालून वरून इअरमफ लावत जा. दस्ता खांद्याकडे ओढण्याआधी गाल त्यावर घट्ट टेकव. सैल राहिला तर थप्पड बसल्यासारखे लागते. पुढचा गुडघा किंचित वाकवून वजन पुढच्या पायावर घे. अंग मागे झुकवून धक्क्याची वाट पाहत उभे राहिलीस तर तोल जाणारच. आणि प्रशिक्षकांना सांग की खऱ्या काडतुसांमध्ये तुझ्या नकळत एखादे नकली काडतूस भरावे. बार झाला नाही आणि तरीही नळी हलली, तर दोष कुठे आहे ते तुझे तुलाच दिसेल.

महूकर
विभाताईंशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र डाग उतरेपर्यंत एकही बार करू नये. दुखऱ्या जागेवर सराव केला तर शरीर दचकणेच शिकते. तोवर बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करून आरशासमोर ती खांद्याला लावण्याचा सराव करावा.

ऋतुजा_इंदूर
आज रेंजवर प्रशिक्षकांनी नकली काडतूस भरून बंदूक हातात दिली. मी घोडा दाबला, आवाज झाला नाही आणि नळी चार बोटे खाली गेली. त्यांनीही ते पाहिले. दस्त्याच्या मागच्या टोकाची जास्तीची रबरी पट्टी काढून त्यांनी तो आखूड करून दिला आणि 24 ग्रॅमची काडतुसे मागवायचे मान्य केले आहे. रविवारची चाचणी मी सोडते आहे. विभाताई, डाग पिवळा पडला आहे पण दाबल्यावर दुखतो. आणखी किती दिवस थांबू?

विभा_वडोदरा
दाबल्यावर दुखते तोवर थांब.