मदत हवी आहे: कमी मिठाची आमटी चवदार कशी करावी?

माझ्या ६४ वर्षांच्या वडिलांची अँजिओप्लास्टी झाली असून डॉक्टरांनी दिवसभरात एकूण ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी आणि पालेभाजी हे त्यांचे नेहमीचेच जेवण. लोणचे-पापडही बंद केले. अडचण आमटीची आहे. कोकम, लिंबू, जिरे, लसूण वापरून पाहिले, तरी ती त्यांना अळणीच लागते आणि ते अर्ध्या जेवणावरून उठतात, याची फार काळजी वाटते. मूत्रपिंडाचा जुना त्रास असल्याने पोटॅशियमयुक्त कमी सोडियमचे मीठ त्यांना वर्ज्य आहे, आणि सैंधवातही सोडियम जवळजवळ तेवढेच असते. मीठ व तेल न वाढवता, फोडणीत किंवा वाटणात नेमका कोणता बदल केल्याने आपल्या घरच्या रुग्णाला आमटी रुचू लागली?