डी अँड डी चौथी एडिशन = कागदावरचं वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट? खरंय का हे?

फासेवाला_पुणेकर
मंडळी एक विचारायचंय. आमचा ग्रुप डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर फासे टाकून खेळायचा रोलप्लेइंग गेम) पाचव्या एडिशनवर खेळतो, आता एका मित्राकडे चौथीची (2008 वाली) जुनी पुस्तकं मिळालीत तर ती चालवून बघावी म्हणतोय. ग्रुपमधल्या दोघांनी लगेच नाक मुरडलं, म्हणे ते तर कागदावरचं वॉव (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, तो ऑनलाइन गेम) आहे, मग पीसीवरच खेळू की. पुस्तक चाळलं तर खरंच प्रत्येक क्लासला (फायटर, विझार्ड म्हणजे जादूगार, असे पात्रांचे प्रकार) रोल दिलाय, डिफेंडर, स्ट्रायकर, लीडर, कंट्रोलर, आणि पॉवर्स पण ॲट-विल (हवं तेव्हा), एन्काउंटर (लढाईला एकदा), डेली (दिवसाला एकदा), म्हणजे कूलडाऊनच (वापरलं की परत मिळेपर्यंत थांबायचं) झाला ना हा? ज्यांनी दोन्ही खेळलंय त्यांनी सांगा, ऑनलाइन गेममधून नक्की काय आलंय आणि लोक उगाच काय बोंबलतात.

रात्रपाळी_रेंजर
दोन्ही भरपूर खेळलोय म्हणून सांगतो. डिफेंडर म्हणजे टँक (पुढे राहून मार झेलणारा), लीडर म्हणजे हीलर, स्ट्रायकर म्हणजे डीपीएस (जास्त डॅमेज करणारा), हे कोणालाही दिसतं, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण खरी गंमत ॲग्रोमध्ये (शत्रू कोणाच्या मागे लागतो त्यात) आहे. वॉवमध्ये मॉबने (कॉम्प्युटरच्या शत्रूने) कोणाला मारायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, आत थ्रेटचा (कोणावर किती राग) हिशोब चालू असतो आणि टँकने टाँट मारला (डिवचलं) की मॉब गपचूप त्याच्याकडे वळतो. टेबलावर ऑर्क (राक्षसी शत्रू) कोण चालवतंय? तू. तुझ्यावर टाँट कसा चालणार? म्हणून चौथीत मार्क आणला. फायटरने वार केला, लागो नाहीतर चुको, की समोरच्याला तो मार्क करू शकतो. आता त्या ऑर्कने फायटरला सोडून दुसऱ्यावर हल्ला केला तर त्याला हल्ल्याच्या फाशावर -2, आणि फायटर शेजारीच उभा असेल तर मधेच त्याचा एक फटका पण खायचा. समज मागे विझार्ड अर्धमेला पडायला आलाय, ऑर्कला तो दिसतोय, आता डीएम (गेम चालवणारा) म्हणून तू विचार करत बसणार की फटका खाऊन विझार्ड उडवू का इथेच भिडू, आणि तिकडे फायटरवाला तू चुकायची वाट बघत दात काढतोय. ही मजा वॉवमध्ये नाहीये भावा, कारण तिथल्या मॉबला मोह होत नाही.

कूलडाऊनचं पण तसंच. तिथे घड्याळ चालतं, सेकंद मोजतात. इथे एन्काउंटर पॉवर 5 मिनिटांची शॉर्ट रेस्ट घेतली की परत, राऊंड मोजत बसायची भानगडच नाही.

जुनाट_जादूगार
रेंजरभाऊंचं पटलं, पण "वॉवमधून आलं" म्हणताना जरा मागे जा. डी अँड डी 1974 चं, त्यातच फायटर पुढे, क्लेरिक बरं करणार आणि जादूगाराचे मंत्र दिवसाचे मोजून, म्हणजे डेली काय नवीन नाय. मग 1978 ला इंग्लंडात एसेक्स विद्यापीठात ट्रबशॉ आणि बार्टल यांनी मड (मजकुरावर चालणारा, अनेकांनी मिळून खेळायचा कॉम्प्युटर गेम) बनवलं, पुढे कोपनहेगनच्या पोरांचं डिकूमड आलं ते तर सरळ डी अँड डीवर बेतलेलं, त्याच्या वळणावर 1999 चं एव्हरक्वेस्ट, आणि मग 2004 चं वॉव. घरचंच पोर शहरात राहून नवे कपडे घालून आलं आणि गाववाले विचारतायत हा कोण पाहुणा 😄

खरी उचल बघायची तर जादूच्या वस्तू मोडायचा विधी बघा. नको असलेली तलवार मोडली की रेसिड्यूअम नावाची भुकटी मिळते आणि ती घालून नवीन वस्तू बनवायची. वॉवचं एन्चांटिंग (वस्तूंवर जादू चढवायचं काम) ज्याने केलंय तो हे वाचून हसणारच.

सांगलीची_सॉर्सरेस
मी विरोधी पक्षात 🙋‍♀️ रोल, मार्क सगळं मान्य, माझी तक्रार वेगळी आहे. सगळ्या क्लासच्या पॉवर्स एकाच साच्यात छापल्यात, फायटरचं पान आणि विझार्डचं पान लांबून सारखंच दिसतं, त्यामुळे पोरं काय करतो ते सांगायचं सोडून पॉवरचं नाव वाचून मोकळी होतात, जसं काय हॉटबारवरचं (स्क्रीनवरच्या पॉवरच्या पट्टीतलं) बटण दाबलं. झुंबर तोडून पाडतो, टेबल उलथवतो, असलं कोणी बोलतच नाही कारण ते पॉवरच्या कार्डावर नसतं. पुस्तकात त्याला मनाई नाहीये, उलट डीएमला असल्या उचापतींसाठी डॅमेजचा तक्ताच दिलाय, पण कार्ड हातात असलं की डोकं तिकडे जात नाही. लोक 2009 ला पाथफाइंडरकडे (जुन्या डी अँड डीच्या वळणाचा दुसरा गेम) गेले ते उगाच नाही. आणि पाचवीने 2014 ला रोलची लेबलं काढली तरी ॲट-विल कँट्रिप (कितीही वेळा मारता येणारे छोटे मंत्र) आणि शॉर्ट रेस्ट ठेवलीच की, म्हणजे तुमचे ते दोघे नाक मुरडणारे आत्ता पण तेच खेळतायत, त्यांना सांगू नका फक्त.

फासेवाला_पुणेकर
वा, मार्कवाला भाग वाचूनच चालवायची खुमखुमी आलीय. ताई, ते हॉटबार प्रकरण टाळायला काय करता तुम्ही?

सांगलीची_सॉर्सरेस
पहिल्या लेव्हलला कार्डं हातात देतच नाही, आधी काय करतोस ते बोल, मग त्याला बसणारी पॉवर शोधू. थोडा वेळ जातो पण चालतं.

रात्रपाळी_रेंजर
आणि पहिल्या मॉन्स्टर मॅन्युअलमधले सोलो (एकटेच अख्ख्या ग्रुपशी लढणारे राक्षस) आहेत तसे वापरू नको, एचपी (जीव) बेसुमार आणि मारतात मुळमुळीत, फाइट संपता संपत नाही. 2010 च्या तिसऱ्या मॅन्युअलपासून डॅमेज वाढवलंय, ते मिळालं तर बघ. नाहीतर सरळ एचपी कमी कर आणि डॅमेज वाढव. मिनियन (किरकोळ शत्रू) मात्र बिनधास्त टाक, 1 एचपीचे असतात, विझार्डवाला खूश होतो. चौकोनांचा मॅट घे पण, पुश-पुल-स्लाइड (ढकलणं, ओढणं, सरकवणं) सगळं चौकोनांत आहे, नुसतं तोंडी जमणार नाही.