मदत हवी आहे: प्रेषितांची कृत्ये 15 आणि समलैंगिकतेचा वाद
मंडळी, अभ्यासगटाच्या टिपणात एका ठिकाणी गाडं अडलंय.

उदारमतवादी बाजूचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद मला समलैंगिक संबंधांच्या मनाईसाठी दाखवल्या जाणाऱ्या लेवीय 18:22 किंवा रोमकरांस 1:26-27 च्या नव्या अर्थात दिसत नाही. तो प्रेषितांची कृत्ये 10 ते 15 वर उभा आहे. कर्नेल्य या परराष्ट्रीय (म्हणजे यहुदी नसलेल्या) रोमी अधिकाऱ्याच्या घरी पवित्र आत्मा उतरला, पेत्राने ते यरुशलेमेत सांगितलं, आणि उत्पत्ती 17 मध्ये सर्वकाळच्या कराराची खूण असलेली सुंता परराष्ट्रीयांवर लादायची नाही असं ठरलं. म्हणजे मंडळीने अनुभवाच्या उजेडात शास्त्र पुन्हा वाचलं. नव्या कराराचे अभ्यासक ल्यूक टिमोथी जॉन्सन यांची मांडणी साधारण हीच.

पुराणमतवादी म्हणतात, यरुशलेम मंडळीचा पुढारी याकोब याने परराष्ट्रीयांबद्दलच्या आमोस 9 चा आधार दिला, नुसता अनुभव पुरला नाही. हे मला फारसं पटत नाही. तो आधार अनुभवानंतर शोधलेला दिसतो. पण त्यांचा दुसरा मुद्दा जड आहे. त्याच निर्णयात (15:20, 29) जारकर्म वर्ज्यच राहिलं, आणि त्या चार अटी (मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म वर्ज्य) लेवीय 17-18 शी, म्हणजे 18:22 जिथे आहे त्याच भागाशी, जुळतात असं बरेच अभ्यासक मानतात.

याला उदारमतवादी उत्तर काय? रक्ताची अट बहुतेक पाश्चात्त्य चर्चनी सोडली, एवढ्याने भागत नाही. जारकर्माची कुणी सोडलेली नाही. बायबलने मुभा दिलेली गुलामगिरी मंडळीने पुढे नाकारली, हा दाखलाही अपुरा आहे, कारण तिथे प्रश्न मुभेचा आहे, इथे मनाईचा.

वचनांसकट सांगा. "बायबल जुनं आहे" आणि "बायबल स्पष्ट आहे" ही दोन्ही उत्तरं कृपया नकोत.