टी-पेशीचा रिसेप्टर पटलातून बाहेर काढल्यावर वेगळा का दिसतो?

प्रश्न – एम.एस्सी. विद्यार्थिनी, नागपूर

नमस्कार. मी अमरावती रस्त्यावरील विद्यापीठ परिसरात जीवरसायनशास्त्र शिकते. आमच्या पुस्तकांतील आकृत्यांत पेशीपटल म्हणजे दोन समांतर रेषा असतात आणि त्यांत टी-पेशीचा (एका रोगप्रतिकारक पेशीचा) रिसेप्टर, म्हणजे बाहेरचा संकेत ओळखणारे प्रथिन, उभा रोवलेला दाखवतात. बाहेरून प्रतिजनाचा (परक्या पदार्थाचा) पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, येऊन बसला की आत संदेश जातो, एवढ्यावर वर्णन संपते. ओळखण्याचे काम पटलाबाहेर आणि संदेश देण्याचे काम पटलाच्या आत होत असताना, मधल्या जेमतेम चार-पाच नॅनोमीटर जाडीच्या मेदाच्या थराला स्वतःची काही भूमिका असते का? सेमिनारची तयारी करताना असेही वाचनात आले, की डिटर्जंटमध्ये (मेद सोडवणाऱ्या साबणासारख्या द्रव्यात) विरघळवलेल्या रिसेप्टरची आणि मेदात बसवलेल्या रिसेप्टरची रचना सारखी दिसत नाही. मग खरी कोणती मानावी? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर – निवृत्त प्राध्यापक, धंतोली

आपण नेमके तिथे बोट ठेवले आहे, जिथे पुस्तके घाईने पुढे जातात. मेदाचा थर हा रिसेप्टरचा निव्वळ आधार नसून त्याच्या यंत्रणेचाच भाग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी जुळणीचा विचार करू. हा रिसेप्टर आठ साखळ्यांचा असतो. प्रतिजन ओळखणाऱ्या अल्फा आणि बीटा या दोन साखळ्यांच्या आतल्या शेपट्या इतक्या आखूड असतात, की त्यांना स्वतःहून संदेश देता येत नाही. ते काम उरलेल्या सहा, म्हणजे सीडी३ आणि झीटा या साखळ्या करतात. अल्फा-बीटाच्या पटलात बुडालेल्या भागांत धन विद्युतभाराची अमिनो आम्ले आहेत, तर सोबतच्या साखळ्यांत ऋण भाराची. पाण्यात असे भार सुटे राहू शकतात, परंतु मेदाच्या अंतर्भागात एकटा भार टिकणे फार महाग पडते, म्हणून ते एकमेकांशी जोड्या करून बसतात. म्हणजे आठ साखळ्या एकत्र राहण्यात पटलाचा वाटा आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट शेपट्यांची. पटलाच्या आतल्या बाजूस फॉस्फॅटिडिल सेरीन हे ऋणभारित मेद भरपूर असते आणि सीडी३ पैकी एप्सिलॉन या साखळीची शेपटी धनभारित असते. ती पटलाला चिकटून राहते आणि तिच्यातील टायरोसिन (एक अमिनो आम्ल) मेदात बुडालेले असतात, हे २००८ मध्ये दाखवले गेले. या टायरोसिनांना फॉस्फेट जोडणे हे एलसीके या एन्झाइमचे काम आणि तिथूनच आतला संदेश सुरू होतो, पण जोवर ते मेदात दडलेले आहेत, तोवर एलसीकेला ते सापडतच नाहीत. पुढे २०१३ मध्ये असे दिसून आले, की संदेश सुरू झाल्यावर पेशीत शिरणारे कॅल्शियम त्या मेदाचा ऋण भार झाकते, शेपट्या सुटतात आणि संदेश आणखी बळावतो. विश्रांतीतील टी-पेशी शांत का राहते, याचे उत्तर शोधताना आपण रिसेप्टरच्या बाहेरच्या टोकाकडेच पाहत राहतो. त्या शांततेचा मोठा भाग आतल्या मेदाने राखलेला असतो.

कोलेस्टेरॉलचे प्रकरण मात्र गुंतागुंतीचे आहे आणि सेमिनारमध्ये त्यावर प्रश्न येणारच. ते बीटा साखळीच्या पटलातील भागाशी जोडले जाते आणि एकट्या रिसेप्टरला निष्क्रिय अवस्थेत धरून ठेवते. याउलट, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत, कोलेस्टेरॉलचे साठ्यासाठी रूपांतर करणारे अ‍ॅकॅट-१ हे एन्झाइम रोखल्यावर सीडी८ टी-पेशींच्या (रोगट पेशी मारणाऱ्या टी-पेशींच्या) पटलातील कोलेस्टेरॉल वाढले, रिसेप्टरांचे समूह अधिक चांगले जमले आणि त्या पेशी कर्करोगाशी अधिक जोमाने लढल्या. दोन्ही निरीक्षणे आपापल्या जागी ठीक आहेत: एका रेणूवरचा परिणाम आणि समूहावरचा परिणाम एकाच दिशेने असलाच पाहिजे, असे नाही.

आता आपला मूळ प्रश्न. २०१९ ची मानवी रिसेप्टरची क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी (नमुना गोठवून इलेक्ट्रॉनांनी पाहिलेली) रचना डिटर्जंटमध्ये घेतलेली होती. आठ साखळ्यांची मांडणी त्यातून कळली आणि ती आजही ग्राह्य आहे. मेदाच्या छोट्या चकतीत, म्हणजे नॅनोडिस्कमध्ये, बसवलेला विश्रांतीतील रिसेप्टर मात्र अधिक मिटलेला आणि आखडलेला दिसतो, आणि प्रतिजन लाभल्यावर उघडतो. मी दुसऱ्या चित्राला अधिक वजन देईन. तरीही नॅनोडिस्क म्हणजे जिवंत पेशी नव्हे. तिच्या दोन्ही बाजूंचे मेद साधारणतः सारखेच असते, तर पेशीत फॉस्फॅटिडिल सेरीन आतल्या बाजूलाच राखलेले असते. शिवाय चकतीला ना अ‍ॅक्टिन या प्रथिनतंतूंचा आतला सांगाडा, ना समोरची पेशी.

उत्तर – वैद्यकीय शिक्षक, मेडिकल चौक

सरांच्या उत्तरात एका गोष्टीची भर घालतो. रिसेप्टर आणि समोरच्या पेशीवरील पेप्टाइड यांची गाठ पडते, तिथे दोन पटलांमधील अंतर सुमारे १५ नॅनोमीटर उरते. फॉस्फेट काढून टाकणारे सीडी४५ हे प्रथिन त्याहून उंच असल्यामुळे त्या फटीतून बाजूला ढकलले जाते आणि एलसीकेने जोडलेले फॉस्फेट टिकून राहते. मेदाच्या भारांइतकेच पटलांमधील अंतरही निर्णायक ठरते, म्हणून सेमिनारमध्ये ही आकृती अवश्य घ्यावी.

विद्यार्थिनी

सर, आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. यातील काही आमच्या विभागातील साध्या फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शीखाली पाहता येईल का?

उत्तर – संशोधन सहायक, नागपूर

शेपट्या दिसणार नाहीत. परंतु पटलाच्या प्रवाहीपणामुळे रिसेप्टर हलतात, हे नक्की दिसेल. त्यासाठी १९७१ चा बी-पेशींचा (प्रतिपिंडे बनवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींचा) प्रयोग करावा. प्राणी-नीतिमत्ता समितीची परवानगी असल्यास उंदराच्या प्लीहेतील लिम्फोसाइट (बी-पेशी असलेल्या पांढऱ्या पेशी) घ्याव्यात आणि पृष्ठभागावरील इम्युनोग्लोब्युलिनला, म्हणजे बी-पेशीच्या रिसेप्टरला, चिकटणारे चमकते प्रतिपिंड बर्फावर मिसळावे. थंडीत पेशीभोवती अखंड हिरवे कडे दिसते. तीच नळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवली, की काही मिनिटांत त्या कड्याचे ठिपके होतात आणि थोड्या वेळाने सगळे ठिपके पेशीच्या एका टोकाला टोपीसारखे गोळा होतात. पेशीची ऊर्जानिर्मिती रोखणारे सोडियम अझाइड घातल्यास ठिपके होतात, पण टोपी होत नाही, कारण ठिपके जमायला पटलाचा प्रवाहीपणा पुरतो आणि टोपीसाठी पेशीला ऊर्जा खर्चावी लागते. प्रतिपिंडाचा एकभुजी तुकडा वापरल्यास दोन रिसेप्टर एकमेकांना जोडलेच जात नाहीत, म्हणून कडे तसेच राहते. हा तुलनेचा (कंट्रोल) नमुना वगळू नये.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हा प्रयोग करताना सेंट्रिफ्यूजचा रोटर, बफर आणि काचपट्ट्यासुद्धा आधीच थंड करून ठेवाव्यात, कारण टेबलावर क्षणभर विसरलेली नळी पाहता पाहता कोमट होते आणि बर्फावरच्या नमुन्यातही ठिपके दिसू लागतात. अझाइड अत्यंत विषारी आहे. उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नये, कारण तांब्याच्या किंवा शिशाच्या नळांत त्यापासून स्फोटक संयुगे तयार होतात. ते वेगळ्या बाटलीत जमा करून प्रयोगशाळा प्रमुखांच्या ताब्यात द्यावे.